हलणारा दात आणि हिरडीखालचा पडदा

२०२२ सालचा एप्रिल महिना. कोरोनाचे निर्बंध नुकतेच उठले होते आणि दोन वर्षे खोळंबलेली लग्ने एकदम निघाली होती. गावात रोज दोन-दोन वराती. अशा धामधुमीत एके सकाळी बँडपथकात क्लॅरिनेट वाजवणारे एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय चव्वेचाळीस. मी त्यांना पंधरा-वीस वर्षे ओळखतो. खुर्चीवर बसले, वरच्या ओठाला बोट लावले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पुढचा दात हलतोय. सगळे म्हणतात काढून टाका. पण माझं पोट या दातावर आहे."

ते अक्षरशः खरे होते. क्लॅरिनेटचे तोंड ओठांत धरले की त्याची वरची बाजू वरच्या पुढच्या दातांवर टेकते. चार-चार तास मिरवणुकीत चालत वाजवायचे म्हणजे त्या दातांना सतत दाब. दोन वर्षे वाजंत्री बंद होती तेव्हा या गृहस्थांनी हातगाडीवर भाजी विकली. आता कुठे सुपाऱ्या येऊ लागल्या आणि दात हलू लागला.

मी त्यांचे जुने कार्ड काढले आणि थोडा वरमलो. २०१८ मध्ये एकदा आणि २०१९ मध्ये एकदा ते याच दाताची हिरडी सुजली म्हणून माझ्याकडे आले होते. दोन्ही वेळा मी मेट्रोनिडाझोल आणि वेदनाशामक गोळ्या पाच दिवसांच्या लिहून दिल्या होत्या. सूज उतरली, ते खूश, मीही खूश. ती सूज का आली, हे मी पाहिले नाही आणि त्यांना दंतवैद्याकडे पाठवलेही नाही. आम्हा एम.बी.बी.एस. मंडळींना अभ्यासक्रमात दातांची ओळख होते ती ओझरतीच, हे खरे. पण तीस वर्षे व्यवसाय केल्यावर ही सबब पुरत नाही.

आपल्याकडे हिरडीच्या या रोगाला पायरिया म्हणतात. दात हलू लागले की 'वय झाले' असे म्हणून आपण मोकळे होतो. दात वयामुळे हलत नाहीत, आधार गेल्यामुळे हलतात. हा आधार कसा असतो ते थोडे समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

भिंतीत खिळा ठोकावा तसा दात हाडात ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्या मधे सुमारे ०.२ मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीत हजारो बारीक तंतू असतात. तंतूचे एक टोक हाडात रुतलेले, दुसरे टोक मुळावरच्या सिमेंटम नावाच्या पातळ कठीण थरात रुतलेले. म्हणजे दात एका परीने झोळीत टांगलेला असतो. म्हणूनच भाकरीत खडा आला की तो लगेच कळतो आणि चावण्याचा दणका थेट हाडाला बसत नाही. हिरडी दाताच्या मानेभोवती कॉलरसारखी बसलेली असते. कॉलर आणि दात यांच्या मधे खाच असते, ती निरोगी माणसात तीन मिलिमीटरपेक्षा खोल नसते.

दात नीट घासले नाहीत तर या खाचेच्या काठाशी जिवाणूंचा चिकट थर साचतो, त्यावर क्षार बसून कीटण होते. हिरडी लाल होते, ब्रश लावला की रक्त येते. रक्त येते म्हणून माणूस तिथे घासणे सोडतो आणि नेमकी उलट गोष्ट होते. पुढे खाचेचा खिसा होतो, तंतू तुटत जातात आणि हाड विरघळू लागते. दुखत मात्र काहीच नाही. गुडघा दुखला तर माणूस लगेच येतो, हाड विरघळले तरी तोंडातला माणूस येत नाही. हे या रोगाचे खरे कपट.

मी त्यांना आमच्या तालुक्याच्या गावी हिरड्यांच्या रोगात एम.डी.एस. केलेल्या डॉक्टरबाईंकडे पाठवले. ही मुलगी लहानपणी गोवराची लस टोचून घ्यायला माझ्याकडे यायची आणि दवाखाना डोक्यावर घ्यायची. तिने खुणा केलेली बारीक सळी घेऊन प्रत्येक दाताभोवतीची खाच मोजली. बहुतेक दातांना चार-पाच मिलिमीटर, आणि त्या पुढच्या दाताच्या एका बाजूला आठ. संध्याकाळी तिने फोन केला. "काका, शस्त्रक्रिया लागेल असं वाटतं, पण आज नाही. आधी साफसफाई, मग तंबाखू बंद, मग बघू."

हा क्रम वाचकांनी लक्षात घ्यावा. हिरडीखालचे कीटण खरवडून मूळ गुळगुळीत करणे आणि दात घासण्याची पद्धत सुधारणे, एवढ्याने बहुतेक रुग्णांचे काम होते. "दात साफ केले तर सैल होतात" हा समज तेवढा मनातून काढून टाका. कीटणाने धरून ठेवलेला दात कीटण काढल्यावर हलतो, तेव्हा तो आधीच सैल झालेला असतो, आपल्याला दिसत नव्हता एवढेच.

आमच्या क्लॅरिनेटवाल्यांनी तंबाखू-चुना सोडला. सहज नाही सोडला. दोनदा पुन्हा धरला, मग त्यांच्या बायकोने डबीच विहिरीत टाकली. सहा-सात आठवड्यांनी पुन्हा मोजमाप झाले. सगळीकडची खाच तीनवर आली होती, रक्त थांबले होते. तो एक दात मात्र सातवर अडून बसला होता. एक्स-रेमध्ये त्या दाताच्या एका बाजूला हाडात अरुंद, खोल विहिरीसारखा खड्डा दिसत होता.

आता प्रश्न असा की खड्डा स्वच्छ केला, घाण काढली, तर तो हाडाने आणि तंतूंनी आपोआप का भरत नाही? हात मोडला तर हाड जुळते. मग इथे काय अडते?

अडते ते शर्यतीमुळे. शनिवारच्या बाजाराला एस.टी. स्टँडवर गाडी लागली की काय होते ते आठवा. तरणी पोरे खिडकीतून उडी मारून जागा पटकावतात. बोचके सांभाळत येणारी आजी दारापर्यंत पोहोचते तोवर गाडी भरलेली असते. आणि एकदा बसलेला उठत नाही. हिरडी उघडून मूळ स्वच्छ केले की त्या मुळालगतच्या जागेसाठी चार प्रकारच्या पेशी धावतात. हिरडीच्या वरच्या त्वचेच्या पेशी, त्याखालच्या मऊ ऊतीच्या पेशी, हाडाच्या पेशी आणि खड्ड्याच्या तळाशी व कडेला उरलेल्या त्या तंतूंच्या पेशी. यात त्वचेच्या पेशी सर्वांत चपळ. दिवसाला अर्धा मिलिमीटरच्या आसपास त्या सरकतात. पंधरा दिवसांत त्या मुळाच्या कडेने थेट खाली उतरतात आणि मुळाला नुसते अस्तर लावून मोकळ्या होतात. जखम भरली, वरून हिरडी छान गुलाबी दिसते, पण आत तंतू नाहीत, हाड नाही. दात तसाच अधांतरी. असे अस्तर वाईटच असते असे नाही. स्वच्छता राखली तर ते वर्षानुवर्षे टिकते. पण गेलेला आधार त्याने परत येत नाही.

आम्हा डॉक्टरांना जखम लवकर भरली की आनंद होतो. इथे लवकर भरणे हीच अडचण आहे. ज्या पेशी खरा आधार बांधू शकतात, त्या तंतूंच्या पेशी, म्हणजे आपल्या गोष्टीतली आजी, सर्वांत सावकाश येतात.

ही गोष्ट सुसूत्रपणे प्रथम मांडली ती मेल्चर या शास्त्रज्ञांनी, १९७६ साली. मुळाच्या पृष्ठभागावर प्रथम कोणत्या पेशी पोहोचतात त्यावर तिथे कोणत्या प्रकारची जोडणी होणार हे ठरते, असे त्यांचे म्हणणे. पुढे स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठात निमन, कारिंग, लिंढे या मंडळींनी १९८० च्या सुमारास प्राण्यांवर प्रयोग करून ते ताडून पाहिले. हाडाच्या पेशी आधी पोहोचल्या तर दात हाडालाच चिकटतो आणि मूळ झिजू लागते. हिरडीच्या मऊ ऊतीच्या पेशी पोहोचल्या तरी मूळ झिजते. तंतूंच्या पेशी पोहोचल्या तरच नवे सिमेंटम आणि त्यात रुतलेले नवे तंतू तयार होतात.

मग त्यांनी साधी युक्ती केली. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो ना, तसा रुमाल टाकला. १९८२ साली त्यांनी एका रुग्णाचा प्रयोग प्रसिद्ध केला. खालच्या जबड्यातील पुढचा एक दात रोगाने पोखरलेला होता. त्याची हिरडी उघडून, मूळ स्वच्छ करून, हिरडी आणि मूळ यांच्या मधे प्रयोगशाळेत द्रव गाळण्यासाठी वापरतात तो बारीक छिद्रांचा गाळणकागद ठेवला आणि वरून हिरडी शिवून टाकली. तीन महिन्यांनी तो दात भोवतालच्या ऊतींसकट काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. रोगाने उघड्या पडलेल्या मुळावर नवे सिमेंटम आले होते आणि त्यात तंतू रुतले होते. माणसाच्या तोंडात असे होऊ शकते हे त्या एका दाताने दाखवले. त्या रुग्णाचे नाव मला ठाऊक नाही, पण त्याचे उपकार पुष्कळांवर आहेत.

१९८६ मध्ये गॉटलो आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीला 'गायडेड टिश्यू रीजनरेशन' हे नाव दिले. म्हणजे ऊतींना वाट दाखवून पुन्हा वाढवणे. गाळणकागदाच्या जागी त्यांनी टेफ्लॉनचे ताणलेले, सच्छिद्र पापुद्रे वापरले. टेफ्लॉन ताणून असा पापुद्रा करण्याची रीत अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी १९६९ साली शोधली होती. पावसाळी कोट, कृत्रिम रक्तवाहिन्या आणि हिरडीखालचा पडदा, तिन्ही एकाच वस्तूचे. अडचण एवढीच की टेफ्लॉन शरीरात विरत नाही. चार-सहा आठवड्यांनी पुन्हा हिरडी उघडून तो काढावा लागे, आणि त्यात नुकतीच धरलेली कोवळी ऊती दुखावण्याची भीती. म्हणून पुढे आपोआप विरणारे पडदे आले. आज बहुधा कोलॅजेनचे पडदे वापरतात. काम होईपर्यंत टिकतात आणि काही आठवड्यांत ते महिन्यांत विरून जातात.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती विचारायला लोक संकोचतात. कोलॅजेन हे प्राण्यांच्या शरीरातले प्रथिन आहे. पडदे डुकराच्या किंवा गाईगुरांच्या ऊतींपासून केलेले असतात, माशांपासून केलेलेही मिळतात. आमच्या क्लॅरिनेटवाल्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी तोंडाने काही विचारले नाही, पण माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "साहेब, ते कशाचं असतं?" मी डॉक्टरबाईंना फोन लावून त्यांच्या हातात दिला. कृत्रिम, विरणारे पडदेही असतात, हे तिने त्यांना समजावून सांगितले. त्यांच्यासाठी तसाच पडदा ठरला. जैन, मुस्लिम, माळकरी, कोणीही असो, हा प्रश्न आधी विचारण्यात काहीच गैर नाही. डॉक्टरांनीच तो आपणहून काढला तर अधिक बरे.

हल्ली रुग्णाच्याच रक्तापासून केलेल्या पडद्याचाही बोलबाला आहे. फ्रान्समधील शुकरून यांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली. रक्त न गोठण्याचे औषध न घालता रक्ताची नळी लगेच यंत्रात फिरवली की मधे फायब्रिनचा पिवळसर गोळा मिळतो. तो दाबून पातळ पापुद्रा करतात. त्यात प्लेटलेट्स असतात, त्या जखम भरायला मदत करतात. स्वस्त आहे, आपलाच आहे. पण फार दिवस टिकत नाही, त्यामुळे त्वचेच्या पेशींना अडवून धरण्याचे काम तो एकटा कितपत करील याला मर्यादा आहेत.

शस्त्रक्रिया कधी करायची यावर बरीच चर्चा झाली. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्ने नसतात, म्हणजे चार महिने हक्काची सुट्टी. पण मधे गणपती. २०२२ मध्ये आषाढी १० जुलैला होती आणि गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला. दोन वर्षांनंतर प्रथमच मिरवणुका पूर्ण थाटात निघणार होत्या. ते म्हणाले, "सात आठवडे पुष्कळ झाले की." डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाहेरून पुष्कळ. आतून नाही." एकादशीनंतरच्या गुरुवारी शस्त्रक्रिया ठरली. गणपतीचे काय ते पुढे बघू.

मी त्या दिवशी मुद्दाम बघायला गेलो. वयाच्या या टप्प्यावर काही नवे बघायला मिळाले की बरे वाटते. भुलेचे इंजेक्शन हिरडीतच दिलेले, रुग्ण पूर्ण जागा. आधी हलणारा दात शेजारच्या दातांना मागून बारीक तार आणि दाताच्या रंगाचा मसाला लावून बांधून टाकला होता, कारण जखमेखालची गुठळी हलत्या दाताला धरवत नाही. हिरडीला चीर देऊन ती पुस्तकाच्या पानासारखी उलटली. खाली खड्डा, त्यात मऊ, लालसर, सहज रक्त सुटणारी रोगट ऊती. ती खरवडून काढल्यावर तीन बाजूंनी हाडाची भिंत आणि चौथ्या बाजूला दाताचे मूळ असा खड्डा स्वच्छ दिसला. त्यात हाडाच्या भुकटीसारखा कृत्रिम भराव थोडासा घातला, जेणेकरून पडदा आत कोसळू नये. मग पडदा कापून, खड्ड्याच्या काठापलीकडे दोन-तीन मिलिमीटर हाडावर टेकेल असा बसवला. वर हिरडी ओढून टाके. तासाभराचे काम. सगळ्यांत नाजूक भाग टाके घालण्याचा, कारण पडदा जरासा जरी उघडा राहिला तरी त्यावर जिवाणू बसतात आणि केलेले काम वाया जाण्याची भीती असते.

पडद्याखाली त्यानंतर जे होते ते डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या तासात रक्ताची गुठळी मुळाला चिकटते. ही गुठळी म्हणजे पाया. म्हणून पहिले चोवीस तास जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचे नाही, नळीने ओढून काही प्यायचे नाही. आपल्याकडे रक्त दिसले की थुंकत राहण्याची सवय आहे, ती इथे घातक. आठवड्याभरात गुठळीत नव्या केशवाहिन्या शिरतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मुळावर नवे सिमेंटम धरू लागते आणि तंतू त्यात अडकू लागतात. हाड मात्र सावकाश, महिन्यांच्या हिशेबाने भरते. ओठ उचलून आरशात रोज पाहणे हा एक रोगच आहे. त्याने टाके ताणले जातात. आमच्या रुग्णांना हे तीनदा सांगावे लागले.

टाके निघेपर्यंत, म्हणजे दोनेक आठवडे, त्या जागी ब्रश लावायचा नव्हता. त्याऐवजी क्लोरहेक्सिडिनच्या औषधी पाण्याने, तेही पहिल्या दिवसानंतर, तोंडात नुसते घोळवून. या औषधाने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चव बिघडते. औषध बंद केले की चव येते आणि डाग घासून काढता येतात, घाबरायचे कारण नाही. खाणे मऊ आणि दुसऱ्या बाजूने. त्या दाताने कणीस, ऊस, पेरू चावायचा नाही, आणि क्लॅरिनेट तर मुळीच नाही.

गणपतीच्या आठवड्यात ते पुन्हा माझ्याकडे आले. हिरडी सुंदर भरली होती. दुखत नव्हते, सूज नव्हती. सहा मंडळांच्या सुपाऱ्या होत्या. बँडमालक म्हणत होते, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. मला परवानगी मागत होते ते, कारण डॉक्टरबाईंनी नाही म्हटले होते. मीही नाही म्हटले. म्हणताना जीभ जड झाली, कारण दोन वर्षे घरी बसलेल्या माणसाला आणखी दहा दिवस घरी बस म्हणणे सोपे नाही, आणि चार वर्षांपूर्वी मी नीट पाहिले असते तर कदाचित ही वेळ आली नसती. हे मी त्यांना सांगितलेही. ते हसले. "गोळ्यांनी बरं वाटायचं साहेब, मी तरी कुठं परत आलो?"

अनंत चतुर्दशीला ९ सप्टेंबरला मिरवणूक आमच्या दवाखान्यावरून गेली. क्लॅरिनेट त्यांचा पुतण्या वाजवत होता, बऱ्यापैकी बेसूर. काका त्याच्या मागे गणवेश घालून खुळखुळा वाजवत चालले होते. बँडमध्ये खुळखुळा नवशिक्या पोराच्या हाती देतात. मजुरीही निम्मी.

ही शस्त्रक्रिया प्रत्येकाला उपयोगी पडत नाही, हेही सांगायला हवे, कारण लेख वाचून पडद्याची मागणी करणारे दोन-चार जण तरी येतील. खड्डा अरुंद आणि खोल असला, भोवती हाडाच्या भिंती शिल्लक असल्या, तर तो भरण्याची शक्यता चांगली. विहीर भरता येते. पण शेताची वरची मातीच सगळीकडून सारखी वाहून गेली असेल, तर बांध कुठे घालणार? हाड सगळीकडून समान खाली गेले असेल तिथे पडद्याचा फारसा उपयोग नाही. दाढेच्या दोन मुळांमधली जागा उघडी पडली असेल तर काही विशिष्ट अवस्थेतच फायदा होतो. कॉक्रेन या संस्थेने २००६ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा साध्या शस्त्रक्रियेपेक्षा पडदा वापरल्याने हिरडीची पकड सरासरी सव्वा मिलिमीटरने अधिक सुधारली असे आढळले. पण कोणाला खूप फायदा, कोणाला जवळजवळ नाही, असा फरकही मोठा होता. सव्वा मिलिमीटर ऐकायला थोडे वाटते. दाताच्या मुळाची एकूण लांबी पाहिली तर ते इतके थोडे नाही.

तंबाखूचा परिणाम तर फारच स्पष्ट आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, याच शस्त्रक्रियेनंतर सिगारेट ओढणाऱ्यांना मिळालेला फायदा न ओढणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होता. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आणि दुरुस्ती करणाऱ्या पेशी दोन्ही मंदावतात. आपल्या भागातल्या बायकांची मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे कित्येक घरांत अजून मान्य नाही. "मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते," असे त्या म्हणतात आणि दिवसातून चारदा घासतात. अशाच एक बाई दाढेच्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी मिश्री लावून बसल्या. पडदा उघडा पडला, पू झाला, तो काढून टाकावा लागला आणि वर्षभराने दाढही गेली. त्यांना रागवण्यात अर्थ नव्हता. चाळीस वर्षांची सवय चार दिवसांत सुटावी अशी अपेक्षा आम्हीच केली होती.

मधुमेह असेल तर आधी तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आणा. हे दोन्ही रोग एकमेकांना वाढवतात; साखर वाढली की हिरडी बिघडते आणि हिरडी बिघडली की साखर हट्टी होते. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, आणि दंतवैद्यापासून लपवूही नका. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिन या गोळीने काहींच्या हिरड्या सुजतात. तो पायरिया नव्हे, पण त्यात भर घालतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी औषध चालू असेल तर तेही आवर्जून सांगा. खर्चाचे म्हणाल तर पडदा आणि भराव स्वस्त नाहीत. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तिथे हिरड्यांच्या रोगांचा स्वतंत्र विभाग असतो आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो.

जानेवारी २०२३ मध्ये सहा महिने पूर्ण झाले. तोपर्यंत त्या जागी सळी घालायची नसते, कोवळी जोडणी तुटते म्हणून. डॉक्टरबाईंनी मोजले. सातचे चार झाले होते. एक्स-रेमध्ये खड्ड्याचा तळ वर आलेला दिसत होता, पूर्ण भरलेला नव्हता. हिरडी मिलिमीटरभर वर सरकल्याने दात जरा लांब दिसतो. नव्या तंतूंनी किती काम केले आणि नुसत्या अस्तराने किती, हे दात काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि तो काढायचा नाही म्हणूनच तर हा सगळा खटाटोप.

पण दात हलत नाही. क्लॅरिनेटच्या तोंडावर, दात टेकतात तिथे, आता ते रबराचा पातळ तुकडा चिकटवतात. दर तीन महिन्यांनी साफसफाईला जातात. मागच्या खेपेला एकटे गेले नाहीत. बँडमधले दोघे ताशेवाले आणि तो पुतण्या, असे चौघे एका मोटारसायकलवरून गेले. त्याबद्दल मी रागावलो. पुतण्याची हिरडी पाच मिलिमीटर निघाली. वय सव्वीस, खिशात तंबाखूची पुडी. त्याला पुढच्या बुधवारी बोलावले आहे.